चाळीस लिंक आणि एक अपूर्णांक

प्रिय ताई,

तुमचं कुडाळजवळच्या गावातून आलेलं पत्र मोठं आणि मनापासून लिहिलेलं आहे. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी ते थोडक्यात सांगते. दीड वर्षापूर्वी तुम्ही दोघांनी पूर्ण विचार करून लेकीला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. ती आता दहा वर्षांची आहे, धाकटा सहाचा. वाचन, चित्रं, परसातली झाडं-किडे यांत दोघंही रमतात. घोडं अडलंय ते गणितापाशी. तुम्ही कॉमर्सच्या पदवीधर, तरी ‘गणित म्हटलं की पोटात गोळा येतो’ असं तुम्हीच लिहिलंय. होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांच्या ग्रुपवरून मोफत साइट्सच्या चाळीसेक लिंक तुम्ही जमवल्या. लेक रोज तास-दीड तास गणिताचे व्हिडिओ बघते, बघताना ‘कळलं, कळलं’ म्हणते, आणि वहीवर ३/४ + १/८ दिलं की ४/१२ लिहून मोकळी होते. सासरे म्हणतात, ‘पाढे येत नाहीत, कसलं गणित शिकवताय?’ त्यातच एका कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. तीस हजारांचा कोर्स हप्त्यांनी घ्या म्हणतो. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. आणि शेवटी, रात्री झोप लागू न देणारा प्रश्न: दहावीचं काय?

तीस हजारांचं आधी सांगते, कारण तिथे घाईत सही होण्याची भीती आहे. घेऊ नका. अशा कोर्सचे ‘हप्ते’ म्हणजे पुष्कळदा पालकांच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. पोरीने दोन महिन्यांत ॲप उघडायचं बंद केलं तरी ते कर्ज फेडावंच लागतं. तो माणूस तिसऱ्यांदा आला तर त्याच्याकडून करारनामा मागून घ्या, आठवडाभर घरी ठेवा, कर्ज कोण देणार आणि कोर्स बंद केला तर पैसे परत कसे मिळणार हे त्यात लेखी शोधा. पण मुळात गरजच नाही. चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, मापन, भूमितीची ओळख, एवढंच दहा वर्षांच्या मुलीला लागतं, आणि हे सगळं उत्तम दर्जाचं, फुकट मिळतं. शिवाय तुमच्या घरी व्हिडिओंची टंचाई नाहीये. आणखी व्हिडिओ विकत घेऊन ४/१२ सुटणार नाही.

आता त्या ४/१२ कडे येते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. लेकीने काय केलं ते स्वच्छ दिसतं: वरचे दोन अंक मिळवले, खालचे दोन मिळवले. चौथी-पाचवीच्या कितीतरी मुलांना मी अगदी हेच करताना पाहिलंय. यात आळस नाही की बेपर्वाई नाही. ३/४ ही तिच्या लेखी अजून एक संख्याच नाही, एकमेकींवर बसवलेल्या दोन संख्या आहेत. म्हणून तिने दोन बेरजा केल्या, आणि दोन्ही बरोबर केल्या. आता उत्तराकडे बघा. ४/१२ म्हणजे एक तृतीयांश. पाऊण भाकरीत आणखी तुकडा घातला आणि ताटात भाकरीचा तिसरा हिस्सा उरला, असं ते उत्तर सांगतंय. तिला ते खटकलं नाही, कारण ‘हे उत्तर पाऊणपेक्षा जास्त यायला हवं की कमी?’ हे तिला कुणी विचारलंच नाही. व्हिडिओ ते विचारू शकत नाही. व्हिडिओतली बाई ‘छेद समान करायचे, हो ना?’ म्हणते आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाते.

तेव्हा नेट बंद ठेवून हे करा. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या तीन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. एक पट्टी तिच्या हातात द्या. अर्ध्यात दुमडायला सांगा, पुन्हा अर्ध्यात. उघडली की चार भाग. तीन रंगवायला सांगा. ‘किती रंगवलं?’ ती पाऊण म्हणेल. आता तीच पट्टी होती तशी दुमडून आणखी एकदा दुमडायला सांगा आणि उघडून विचारा, ‘आता भाग किती? रंगवलेले किती?’ आठातले सहा. मग विचारा, ‘आपण जास्त रंगवलं का? रंग तेवढाच आहे ना?’ इथे थांबा. घाई करू नका, तिला पट्टीकडे बघू द्या. पाऊण आणि सहा अष्टमांश एकच आहेत हे तिच्या डोळ्यांना दिसलं की १/८ मिळवणं म्हणजे आणखी एक घर रंगवणं. आठातले सात. छेद समान करण्याचा नियम तुम्ही सांगायची गरजच पडणार नाही. ‘मग चार बाराव्यांचं काय?’ असं विचारलंत तर बहुतेक ती स्वतःच हसेल आणि खोडेल.

दुसऱ्या दिवशी १/२ + ३/८, तिसऱ्या दिवशी १/४ + ५/८. आणि ती सराईत झाली की १/२ + १/३ द्या. अर्ध्या-अर्ध्याच्या दुमडीने हे सुटत नाही, ती अडेल. अडू द्या. पट्टीचे सहा भाग केले तर दोन्ही बसतात, हे तिला सापडायला दोन दिवस लागले तरी ते दोन दिवस वाया गेले असं समजू नका.

हे झाल्यावर पडदा उपयोगाला येतो, आणि तोही कुठलाही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात विज्ञानाबरोबर गणिताचीही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, आहेत, सगळी मोफत, आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. अपूर्णांकांच्या सिम्युलेशनमध्ये मूल अंश-छेद वाढवतं-कमी करतं आणि समोरचं वर्तुळ, पट्टी किंवा संख्यारेषा त्याबरोबर बदलते. ‘तयार करा’ या धाटणीच्या खेळात तुकडे जोडून दिलेला अपूर्णांक बनवायचा असतो. इथे कुणी समजावत नाही. मूल काहीतरी करतं आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. लेकीच्या रोजच्या तास-दीड तासातली पंधरा मिनिटं इथे जाऊ द्या. ‘पॉलीपॅड’ नावाचं असंच आणखी एक मोफत साधन आहे, त्यात पट्ट्या, ठोकळे, घड्याळं, भौमितिक तुकडे पडद्यावर हवे तसे मांडता येतात. पण त्याआधी कागदाची पट्टी, हा क्रम मोडू नका.

आता चाळीस लिंकांचं. त्यातल्या छत्तीस पुसून टाका असं मी म्हणेन. वाईट आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक साइटचा स्वतःचा क्रम असतो, स्वतःची चिन्हं, स्वतःचे शब्द. मूल आज इथे भागाकार, उद्या तिथे कोन, परवा आणखी कुठे इंग्रजीत ‘प्लेस व्हॅल्यू’ असं करत फिरलं की काय झालं, काय राहिलं हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही. एक पाठीचा कणा लागतो. आणि तो तुमच्या हाताशी आहे: बालभारतीचं पुस्तक.

मुलांना शाळेतून काढलेल्या पालकांना पाठ्यपुस्तक नकोसं वाटतं, हे मला माहीत आहे. शाळेच्या चाकोरीतून सुटायला तर हा सगळा खटाटोप केला! पण पुस्तकाचा दोष नव्हता, पुस्तक ज्या वेगाने पोरांवर लोटलं जात होतं त्याचा होता. तुम्हाला तो वेग पाळायचा नाहीये. इ-बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात. तरी माझा आग्रह असा की गणिताचं छापील पुस्तक विकत घ्या; सरकारी पुस्तक आहे, किंमत परवडणारी आहे, आणि वीज गेली तरी चालतं. सुरुवात पाचवीपासून नको. चौथीचं पुस्तक घ्या, प्रत्येक सरावसंचातली तीन-चार उदाहरणं तिला स्वतःहून सोडवायला सांगा. जिथे अडली तिथे खूण करा. एखादा अख्खा विषय अडला, समजा भागाकार, तर तिसरीच्या पुस्तकात मागे जा आणि ती जिथे न अडखळता करते तिथपर्यंत जा. तिची जागा ती. दहा वर्षांची मुलगी तिसरीचा भागाकार करतेय याची लाज कुणालाच वाटायचं कारण नाही. घरी शिकवण्याचा हाच तर फायदा, की पुढे ढकललं जाण्याची सक्ती नाही.

पुस्तकात जागोजागी क्यूआर कोड आहेत. ते ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या धड्याशी जोडलेले व्हिडिओ आणि सराव उघडतात. दीक्षा केंद्र सरकारचं, २०१७ मध्ये सुरू झालेलं, पूर्ण मोफत. मराठीत साहित्य भरपूर. दर्जा मात्र सारखा नाही. काही व्हिडिओ खरंच सुरेख आहेत, काहींत शिक्षक नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. म्हणून तुम्ही आधी बघा, चांगला वाटला तर नेट असेल तेव्हा ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा. पावसात नेट गेलं तरी तो चालतो.

बालभारतीबरोबर दुसरं पुस्तक हवंच असेल तर एनसीईआरटीचं घ्या. त्यांची नवी पुस्तकं, तिसरी ते पाचवीसाठी ‘गणित मेला’ आणि सहावीपासून ‘गणित प्रकाश’, त्यांच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत फुकट आहेत. त्यांत कोडी, आकृत्यांचे क्रम, अंदाज बांधणं यांवर बालभारतीपेक्षा जास्त भर आहे. लेकीला हिंदी जमत असेल तर आठवड्यातून एक दिवस त्यातलं एखादं पान. कणा दोन करू नका. मुख्य पुस्तक एकच.

खान अकॅडमीबद्दल तुम्ही खास विचारलंय, कारण ग्रुपवर सगळे तीच सांगतात. चांगलीच आहे. साल खान यांनी २००८ मध्ये ती ऑनलाइन शिकवणारी ना-नफा संस्था म्हणून उभी केली, आजही धडे आणि सराव फुकट आहेत, आणि भारतातल्या इयत्तांप्रमाणे लावलेले गणिताचे अभ्यासक्रमही तिथे आहेत. पण तुमची लेक ती वापरते आहे उलट बाजूने. व्हिडिओ ही तिथली मुख्य गोष्टच नाही, मुख्य गोष्ट सराव आहे. पालकाचं खातं काढा, त्यात तिचं खातं जोडा. एखाद्या घटकाची चाचणी तिला आधी द्यायला लावा, काहीही न बघता. जे आलं ते आलं. त्यावरचे व्हिडिओ बघायचेच नाहीत. जे चुकलं त्याचाच सराव उघडायचा, तिथेही आधी स्वतः, आणि अगदीच अडलं तर तेवढाच व्हिडिओ. तास-दीड तासाचं बघणं आपोआप दहा मिनिटांवर येईल.

तिथे दोन गोष्टींवर मात्र डोळा ठेवा. एक, ‘हिंट’चं बटण. हुशार मुलांना पटकन समजतं की ते दाबत राहिलं की शेवटी उत्तर येतं. ती लबाडी नाही, मूल रस्ता शोधतंय इतकंच, पण शिकणं तिथेच थांबतं. म्हणून पडद्याशेजारी वही हवीच, आणि प्रत्येक उदाहरणाची पायरी वहीत उतरलेली हवी. दोन, गुण आणि बिल्ले. त्यांच्या मागे लागली की मुलं सोपी उदाहरणं पुन्हा पुन्हा सोडवतात, कारण गुण तिथेच पटापट मिळतात. तिला किती गुण मिळाले हे विचारू नका. ‘आज कुठलं उदाहरण खट्याळ होतं?’ हे विचारा.

हा प्रश्न विचारायला गणित यावं लागत नाही, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. पोटात गोळा येणाऱ्या आईला वाटतं, मला येत नाही तर मी शिकवणार काय. पण ४/१२ तुम्हीच तर पकडलंत! चाळीसातल्या एकाही साइटने ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. ‘हे तू कसं केलंस, मला दाखव’, ‘उत्तर साधारण किती यावं?’, ‘दुसऱ्या कुठल्या रीतीने येतं का?’ एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारणारं माणूस शेजारी असणं हेच कुठल्याही साइटवर मिळत नाही. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर उलट बरंच. मग तुमचं विचारणं खरं असतं, आणि मुलांना ते ओळखू येतं.

तुमच्यासाठी एक वाचन सुचवते. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे शालेय गणितावरचं नियतकालिक फुकट वाचायला मिळतं. इंग्रजीत आहे. त्यात पद्मप्रिया शिराली यांनी प्राथमिकच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुरवण्या आहेत: अपूर्णांक, स्थानिक किंमत, गुणाकार, भागाकार असे एकेक विषय. कुठलं साहित्य घ्यायचं, मुलांना काय विचारायचं, ती कुठे चुकतात, हे त्यांत पायरी-पायरीने दिलंय. रात्री पोरं झोपली की एक पुरवणी वाचा. आपल्याला शाळेत हे असं का नाही कुणी सांगितलं, असं तुम्हाला नक्की वाटेल, आणि तो गोळा थोडा सैल होईल.

आता आजोबांकडे वळू. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. पाढे यायलाच हवेत. सात आठे छप्पन्न चटकन आठवलं नाही तर ७/८ चं सममूल्य रूप शोधताना सगळी शक्ती गुणाकारातच खर्च होते. पण पाढ्यांसाठी वेळ लावून धावायला लावणारे मोबाइलवरचे खेळ सध्या टाळा. उलटी मोजणी सुरू झाली की गणिताने आधीच बिचकलेलं मूल विचार करायचं सोडतं आणि अंदाजपंचे ठोकायला लागतं. त्यापेक्षा पाढे आजोबांकडे सोपवा. आणि त्यांना विचारा, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे त्यांना येतात का. त्यांच्या पिढीतल्या अनेकांना आजही येतात. येत असतील तर तुमच्या घरात असं काही आहे जे तीस हजारांच्या कोर्समध्ये नाही. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा: एक सव्वा सव्वा, दोन सव्वे अडीच, तीन सव्वे पावणेचार, चार सव्वे पाच. प्रत्येक पायरीला अपूर्णांकाची बेरीज आहे, आणि पाव, अर्धा, पाऊण या तिथे सरळ सरळ संख्या आहेत, एकावर एक ठेवलेले दोन अंक नव्हेत. तुमच्या लेकीला जे नेमकं कमी पडतंय तेच. पाठ करून घेण्याआधी पट्ट्यांवर किंवा तराजूवर करून दाखवा: सव्वा किलोच्या चार पिशव्या म्हणजे किती? आजोबा आणि नात यांच्यात रोज संध्याकाळी दहा मिनिटं. घरातला वादही थोडा निवळेल.

वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होतो, असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी नेटसुद्धा नको, देवळालीचे द. रा. कापरेकर पुरेत. ते तिथे शाळेत गणित शिकवायचे, आणि १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म मांडला. आज ती जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचंही तसंच करा. समजा १९४७. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे करून बघा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचतो. हातचा एका जागी चुकला तर कधी जास्त पायऱ्या लागतात, कधी भलतंच काही येत राहतं, मग मूल स्वतःहून मागे जाऊन चूक शोधतं. लेकीला तिचं जन्मवर्ष, गाडीचा नंबर, आजोबांच्या फोनचे शेवटचे चार आकडे घेऊ द्या. तीस वजाबाक्या होतील आणि कुणी ‘अभ्यास’ हा शब्द काढलेला नसेल.

असलीच खोल कोडी हवी असतील तर केंब्रिज विद्यापीठाचा ‘एनरिच’ प्रकल्प बघा. १९९६ पासून चालू आहे, मोफत आहे. इंग्रजीत असल्याने तुम्ही आधी वाचून तिला मराठीत सांगा. उदाहरणार्थ, लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कुठकुठल्या संख्या मिळतात? ९ म्हणजे ४ + ५, आणि २ + ३ + ४ सुद्धा. १५ तर तीन प्रकारे येतो. मग ८ का येत नाही? १६? असं एक कोडं आठवडाभर पुरतं. ते भिंतीवर लावून ठेवा, जाता-येता जो कुणी काही शोधेल त्याने खाली लिहायचं, तुम्हीसुद्धा.

धाकट्यासाठी आत्ता कुठलीही साइट नको. सहा वर्षांच्या मुलाला सापशिडीचे दोन फासे, पत्ते, सुट्टे पैसे आणि चिंचोके पुष्कळ झाले. काही करून बघायचंच तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांनी मुलांसाठी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंची खेळणी कशी करायची याची चित्रं, व्हिडिओ आणि मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं तिथे फुकट आहेत. त्यांतलं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन आकार करायचं काम दोघांना एकत्र द्या. ट्यूबचे छोटे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे बाजू. (काड्यांचं गुल तुम्ही आधी खरवडून टाका.) चौकोन केला की तो डुलतो, तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनाला स्थिर करायला काय करावं, हे विचारा आणि तुम्ही स्वयंपाकाला लागा. मग घराच्या छपराच्या कैच्या दाखवा, त्यांत त्रिकोणच का दिसतात ते त्यांनाच सांगू द्या. लेक अकरा-बारा वर्षांची झाली की हाच धागा ‘जिओजेब्रा’ या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे नेता येईल. मोफत आहे, संगणकावर उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते शिकवणारे छोटे धडे आहेत. आत्ता त्याची घाई नको.

दिवसाचं वेळापत्रक आखून द्या म्हणता. सकाळी डोकं ताजं असताना पुस्तक आणि वही अर्धा तास, तुम्ही शेजारी. दुपारी फेट किंवा खानवरचा सराव, पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी आजोबा. शनिवारी पुस्तक बंद, एखादं कोडं किंवा काड्यांचं काम. रविवारी काहीच नको. यापेक्षा जास्त गणित दहा वर्षांच्या मुलीला लागत नाही, आणि नेट नसलेल्या दिवशी यातलं फक्त दुपारचं हुकतं.

राहिला दहावीचा प्रश्न. रस्ते आहेत आणि ते मळलेले आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, माध्यमिक परीक्षा घेते. त्यासाठी वयाची किमान अट चौदा वर्षांची. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नसते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि गणितासकट विषयांचं अभ्याससाहित्य त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही ते घेतात. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, आणि नेहमीच्या राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. नियम, फी, तारखा बदलत असतात, तेव्हा लेक तेरा वर्षांची झाली की त्या त्या संकेतस्थळावर चालू नियम बघा. ऐकीव माहितीवर किंवा ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका. आणि मधेच तिला शाळेत परत जावंसं वाटलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दार बंद झालेलं नाही.

दहावीच्या गणिताची खरी तयारी म्हणाल तर ती सहावी-सातवीच्या बीजगणितापासून सुरू होते, आणि बीजगणितात मुलं अडतात त्याचं एक मोठं कारण कच्चे अपूर्णांक. म्हणून पुढचे तीन-चार महिने अपूर्णांकांनाच द्या. बाकी काही राहिलं तरी चालेल. तिच्या वह्या टाकू नका. प्रत्येक पानावर तारीख घाला, चुकलेली पानंही तशीच ठेवा. पुढे प्रवेशाच्या वेळी कुणी ‘घरी काय शिकवलंत?’ विचारलं तर दाखवायला त्या उपयोगी पडतील. आणि १/२ + १/३ ला तिने काय केलं ते मला नक्की लिहा.

तुमची,
ताई